टंचाईने आखलेली उंची

एखाद्या औषधाचा इतिहास लिहायचा म्हटले की शोध कुणी लावला, कोणत्या साली लावला आणि किती रुग्ण बरे झाले, एवढे सांगून आपण मोकळे होतो. ते औषध पुरेसे होते की तुटपुंजे, हा प्रश्न कारकुनी समजून बाजूला टाकला जातो. मानवी वाढीच्या संप्रेरकाचा, म्हणजे ग्रोथ हार्मोनचा, १९५८ ते १९८५ हा कालखंड या पद्धतीने वाचला तर त्यातले काहीच उलगडत नाही. या काळात हे औषध मृतांच्या मेंदूखालच्या पिच्युटरी ग्रंथीतून काढले जाई आणि वाढ खुंटलेल्या हजारो मुलांना टोचले जाई. त्या मुलांपैकी दोनशेहून अधिक जणांना पुढे, बहुतेकदा ऐन तारुण्यात, मेंदू पोखरणाऱ्या असाध्य रोगाने गाठले. या घटनेची रूढ मांडणी सोपी आहे. धोका कुणाला ठाऊक नव्हता, ठाऊक होताच औषध थांबवले, आणि लगेच जनुकतंत्राने सुरक्षित पर्याय दिला. ही मांडणी अर्धीच खरी आहे. या औषधाच्या प्रत्येक टप्प्यावरचा खरा निर्णय टंचाईने घेतला. कोणाला आजारी म्हणायचे, औषध कितपत शुद्ध असले म्हणजे चालेल आणि कोणता इशारा कानावर घ्यायचा, हे तिनेच ठरवले. आणि टंचाई संपली तेव्हा मुबलकतेने तीच सूत्रे हाती घेतली.

पिच्युटरी आणि उंची यांचे नाते डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जाणवू लागले होते. १८८६ मध्ये पॅरिसच्या पिएर मारी यांनी हात, पाय आणि जबडा अवास्तव वाढणाऱ्या रोगाचे वर्णन करून त्याला ॲक्रोमेगली हे नाव दिले. १९०९ मध्ये अमेरिकी शल्यविशारद हार्वी कुशिंग आणि लंडनचे आर्थर कीथ यांनी अठराव्या शतकातल्या चार्ल्स बर्न या प्रसिद्ध आयरिश महाकाय माणसाची कवटी उघडून पाहिली, तेव्हा पिच्युटरी बसते ती हाडातली खोबण फार मोठी झालेली आढळली. १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात हर्बर्ट एव्हान्स आणि जोसेफ लाँग यांनी गुरांच्या पिच्युटरीचा अर्क उंदरांना टोचून त्यांना राक्षसी आकाराचे केले. पुढच्याच वर्षी टोरांटोत जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनने मधुमेही मुले मृत्यूच्या दारातून परत आली. साहजिकच सगळ्यांना वाटले की उंचीचेही औषध आता खाटीकखान्यात मिळणार. गुरांचे इन्सुलिन माणसाला चालत होते, मग गुरांचे ग्रोथ हार्मोन का चालू नये?

नेमके इथेच घोडे पेंड खाऊ लागले. १९४४ मध्ये बर्कलीत चो हाओ ली आणि एव्हान्स यांनी गुरांचे ग्रोथ हार्मोन शुद्ध स्वरूपात वेगळे काढले, पण खुज्या मुलांवर त्याचा काही परिणाम होईना. एका प्राण्याचे हे प्रथिन दुसऱ्या जातीच्या प्राण्यात चालेलच असे नाही, आणि माणूस व माकड यांना तर गाईगुरांचे मुळीच लागू पडत नाही, हे पन्नाशीच्या दशकात स्पष्ट झाले. या शोधाचा अर्थ फार मोठा होता. माणसाचे औषध माणसाकडूनच घ्यावे लागणार होते, आणि तेही मेल्यानंतर. १९५६ मध्ये ली आणि हॅरॉल्ड पॅपकॉफ यांनी मानवी संप्रेरक वेगळे केले. बोस्टनचे मॉरिस रेबन यांनी ते काढायची आपली पद्धत बसवली आणि १९५८ मध्ये, पिच्युटरीच्या दोषामुळे वाढ थांबलेल्या सतरा वर्षांच्या एका मुलावरील उपचारांची हकिकत प्रसिद्ध केली. वर्षाला जेमतेम अर्धा इंच वाढणारा तो मुलगा इंजेक्शने सुरू झाल्यावर वर्षाला अडीच इंचांच्या गतीने वाढू लागला. औषध सापडले होते. प्रश्न होता तो कच्च्या मालाचा. वाटाण्याएवढी, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाची ती ग्रंथी शवविच्छेदनाच्या वेळी कवटीच्या तळातून काढायची, त्यातून काही मिलिग्रॅम संप्रेरक मिळवायचे, आणि एका मुलाला आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षे टोचायचे. एका मुलाच्या एका वर्षाला डझनावारी प्रेते लागत होती.

या टंचाईशी दोन हात करायला जी यंत्रणा उभी राहिली ती सद्भावनेची होती, हे आधी मान्य केले पाहिजे. अमेरिकेत १९६३ मध्ये सरकारी आरोग्य संशोधन संस्था आणि रोगनिदानतज्ज्ञांच्या संघटनेने मिळून नॅशनल पिच्युटरी एजन्सी स्थापन केली. देशभरातल्या शवागारांतून ग्रंथी गोळा करायच्या, निवडक प्रयोगशाळांकडून संप्रेरक काढून घ्यायचे आणि ते संशोधनाच्या नावाखाली मोफत वाटायचे, असे तिचे काम होते. १९६५ मध्ये पालकांनी ह्यूमन ग्रोथ फाउंडेशन काढले आणि ग्रंथी मिळवण्यासाठी रुग्णालयांची दारे ठोठावली. ब्रिटनमध्ये मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९५९ पासून हे काम चालवले, १९७७ मध्ये ते आरोग्य खात्याकडे गेले. तिथल्या शवागारांतल्या कर्मचाऱ्यांना दर ग्रंथीमागे किरकोळ मोबदला मिळे. फ्रान्समध्ये १९७३ पासून फ्रान्स-इपोफिझ ही संस्था ग्रंथी जमवी आणि पाश्चर इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळेत अर्क काढला जाई. यात नफेखोर फारसा कुणी नव्हता. पण दान म्हणून गोळा केलेल्या वस्तूची एक अडचण असते. ती कुठून आली, कुणाची होती, याची कसून चौकशी करायला देणारा आणि घेणारा दोघेही संकोचतात. जिथे प्रत्येक ग्रंथी मोलाची, तिथे ग्रंथी नाकारण्याचा निकष कडक कसा असेल? फ्रान्समध्ये तर वृद्ध आणि मेंदूविकारांच्या रुग्णांच्या वॉर्डांतूनही ग्रंथी घेतल्या गेल्याचे पुढे चौकशीत उघड झाले.

टंचाईने रोगाची व्याख्याही आखून दिली. ग्रोथ हार्मोन शरीरात थेट हाड लांबवत नाही. पिच्युटरीतून ते मुख्यतः रात्री, झोपेत, लाटांनी सुटते, यकृताला आयजीएफ-१ नावाचा दुसरा घटक बनवायला लावते, आणि दोघांच्या कामातून लांब हाडांच्या टोकांची कूर्चा वाढते. या साखळीत बिघाड कुठेही होऊ शकतो. १९६६ मध्ये इस्रायलचे झ्वी लॅरॉन यांनी अशी खुजी मुले दाखवली की ज्यांच्या रक्तात ग्रोथ हार्मोन कमी नव्हते, उलट भरपूर होते, पण शरीर त्याला दाद देत नव्हते. म्हणजे ‘कमतरता’ ही काळ्या-पांढऱ्या सीमेची गोष्ट नव्हती, ती उतरती पायरी होती. तरीही औषध थोडे असल्यामुळे त्या पायरीवर एक ठळक रेघ मारणे भाग होते. साठच्या दशकात रक्तातले संप्रेरक मोजता येऊ लागल्यावर, इन्सुलिन किंवा आर्जिनिन देऊन ग्रंथीला डिवचायचे आणि तरीही पातळी फारशी वर गेली नाही तर त्या मुलाला पात्र ठरवायचे, अशी चाचणी रूढ झाली. पात्रतेची रेघ फार खाली ठेवली गेली आणि ठराविक उंची गाठताच उपचार बंद केले जात. डॉक्टर त्या रेघेला शास्त्र म्हणत, पण तिची जागा ठरवण्यात साठ्याचाही मोठा वाटा होता.

आता अर्काच्या शुद्धतेकडे वळू. एकेका ग्रंथीतून औषध काढणे परवडणारे नव्हते, म्हणून हजारो ग्रंथी एकत्र वाटून त्यांचा एक घाणा केला जाई. नंतर त्या घाण्यातला थोडासा अंश तपासायचा. शितावरून भाताची परीक्षा करता येते ती सगळी शिते सारखी शिजतात म्हणून. इथे हजारो शितांत एखादेच विषारी असणार होते आणि ते पूर्ण भांड्यात विरघळणार होते. या मुलांना पुढे गाठणारा क्रॉइट्सफेल्ट-याकोब हा मेंदूचा रोग वर्षाला दहा लाखांत एकाला होतो, म्हणून तो दुर्मीळ समजला जातो. पण हिशेब जिवंत लोकसंख्येचा करायचा नव्हता, प्रेतांचा करायचा होता. दहा लाखांच्या वस्तीत वर्षाला साधारण दहा हजार माणसे मरतात. म्हणजे मृतांत या रोगाचे प्रमाण दहा हजारांत एक असे पडते. घाणा हजारो ग्रंथींचा, आणि एका मुलाला दहा-बारा वर्षांत असे कितीतरी घाणे टोचले जाणार. एवढे गणित मांडले असते तरी कळले असते की दूषित ग्रंथी कधीतरी येणार हे जवळपास ठरलेलेच आहे. ते गणित करायला प्रायॉनचे, म्हणजे हा रोग पसरवणाऱ्या सदोष प्रथिनाचे, ज्ञान लागत नव्हते.

१९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विशीतल्या तरुणाला चक्कर येऊ लागली, चालणे-बोलणे बिघडत गेले आणि वर्षाअखेरीस तो गेला. निदान झाले क्रॉइट्सफेल्ट-याकोब, जो रोग सहसा साठीच्या पुढे होतो. त्याने बालपणापासून वर्षानुवर्षे पिच्युटरी संप्रेरक घेतले होते. त्याच्यावर पूर्वी उपचार केलेले स्टॅनफर्डचे बालरोगतज्ज्ञ रेमंड हिंट्झ यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली आणि १९८५ च्या सुरुवातीला अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाला कळवले. शोध घेतल्यावर आणखी दोन तरुणांचे मृत्यू तसेच निघाले. एप्रिल १९८५ मध्ये अमेरिकेने वाटप थांबवले, मे महिन्यात ब्रिटनने. पहिल्या संशयापासून बंदीपर्यंत फक्त काही आठवडे गेले, हे निःसंशय कौतुकास्पद आहे. रूढ मांडणी याच तत्परतेवर उभी आहे.

तिचा मुख्य आक्षेप असा की १९८५ पूर्वी कुणाला दोष देणे ही पश्चातबुद्धी होय. स्टॅनली प्रुसिनर यांनी प्रायॉन हा शब्दच १९८२ मध्ये वापरला, मग आधीच्या डॉक्टरांनी कशापासून सावध राहायचे? हा आक्षेप वजनदार वाटतो, पण साल-साल तपासले की हलका होतो. प्रायॉन हे नाव नव्हते, रोग पसरतो हे ज्ञान मात्र होते. १९६८ मध्ये अमेरिकी संशोधक गिब्स, गायडुसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रोग माणसाच्या मेंदूतून चिंपांझीत नेऊन दाखवला. १९७४ मध्ये नेत्रपटलाच्या रोपणातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे तो गेल्याची नोंद प्रसिद्ध झाली. १९७६ मध्ये गायडुसेक यांना नोबेल मिळाले. त्याच वर्षाच्या अखेरीस एडिंबरामध्ये मेंढ्यांच्या अशाच रोगावर काम करणारे ॲलन डिकिन्सन यांनी मेडिकल रिसर्च कौन्सिलला थेट इशारा दिला की मानवी पिच्युटरीच्या अर्कातून हा रोग मुलांत जाऊ शकतो. त्यानंतर शुद्धीकरणाने तो घटक निघून जातो का, हे पाहायचे प्रयोग सुरू झाले खरे, पण त्यांचा निकाल छापून आला १९८५ मध्ये. मधली वर्षे मुलांना इंजेक्शने चालूच राहिली. इशारा ऐकला गेला, फक्त त्याच्यावर निर्णय पुढे ढकलला गेला. कारण निर्णय म्हणजे प्रतीक्षा यादीतल्या मुलांना नाही म्हणणे, आणि जे औषध मिळवायला एवढा आटापिटा केला ते थांबवणे. टंचाई माणसाला अशी बांधून घालते.

दुसरा आक्षेप अधिक मानवी आहे. हे औषध नसते तर ही मुले चार फुटांवर थांबली असती. तीव्र कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांत रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते, त्यांच्यासाठी तर हा जीव वाचवण्याचा प्रश्न होता. अमेरिकेत सुमारे ७,७०० मुलांना औषध मिळाले आणि त्यांतील तीसेक दगावली. ब्रिटनमध्ये सुमारे १,८५० पैकी ऐंशीच्या आसपास, तर फ्रान्समध्ये सुमारे १,७०० पैकी शंभराहून अधिक. बहुसंख्य मुले उंच झाली आणि निरोगी राहिली, हे खरेच आहे. पण याच आकड्यांत या आक्षेपाचे उत्तरही आहे. एकाच औषधाने एका देशात हजारी चार आणि दुसऱ्या देशात हजारी साठ-सत्तर बळी का घ्यावेत? फरक काढण्याच्या पद्धतीचा होता. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अल्बर्ट पार्लो यांनी अमेरिकी संप्रेरक स्तंभातून गाळून घेण्याचा आणखी एक टप्पा जोडला. सरकारी कार्यक्रमातल्या ज्या मुलांचे उपचार त्यानंतरच सुरू झाले, त्यांच्यात हा रोग आढळला नाही. ब्रिटनमध्ये अनेक पद्धती वापरल्या गेल्या, पण दगावलेल्या प्रत्येकाला हार्ट्री यांनी बदललेल्या विल्हेल्मी पद्धतीचे संप्रेरक मिळाले होते, आणि त्या पद्धतीत असे गाळणे नव्हते. पार्लोंचा हेतू शुद्ध आणि भरपूर संप्रेरक मिळवण्याचा होता, प्रायॉन काढण्याचा नव्हता, हे त्यांच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही त्यातून निघणारा निष्कर्ष टळत नाही. ‘औषध किंवा खुजेपणा’ असा पेच कधीच नव्हता. तिसरा मार्ग होता, अधिक शुद्ध औषधाचा, आणि तो त्या काळच्या तंत्रात शक्य होता.

न्यायालयांनीही कालरेषा अशीच आखली, पण दोन देशांत दोन तऱ्हांनी. १९९६ मध्ये लंडनचे न्यायमूर्ती मॉरलंड यांनी ठरवले की १ जुलै १९७७ नंतर नव्या मुलांवर हा उपचार सुरू करण्यात आरोग्य खात्याचा निष्काळजीपणा होता. फ्रान्समध्ये संप्रेरक काढण्याच्या कृतीत युरियाचा शुद्धीकरण टप्पा १९८५ च्या मध्यावर जोडला गेला, पण जुना साठा त्यानंतरही काही काळ वापरात राहिला. फ्रेंच विषाणूतज्ज्ञ लुक माँतान्ये यांनी १९८० मध्येच सावधगिरीचा सल्ला दिला होता. तरीही या प्रकरणी भरलेल्या खटल्यातले आरोपी २००९ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये अपिलात निर्दोष सुटले. फौजदारी गुन्हा सिद्ध न होणे आणि चूक झालेलीच नसणे यांत अंतर आहे, आणि मृतांची संख्या ते अंतर दाखवते. शिवाय हिशेब अजून पुरा झालेला नाही. या रोगाचा सुप्तकाळ तीस-चाळीस वर्षांपर्यंत जाऊ शकतो. जानेवारी २०२४ मध्ये लंडनमधील जॉन कॉलिंज यांच्या गटाने असे रुग्ण नोंदवले की ज्यांना लहानपणी हेच संप्रेरक मिळाले होते आणि ज्यांच्यात पुढे कमी वयात अल्झायमरची लक्षणे दिसली. अर्काबरोबर अमायलॉइड प्रथिनाचे बीजही गेले असावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

इकडे टंचाईचा शेवट जनुकतंत्राने केला. १९७९ मध्ये जेनेंटेक कंपनीत डेव्हिड गोडेल आणि सहकाऱ्यांनी जिवाणूकडून मानवी ग्रोथ हार्मोन बनवून घेतल्याचे जाहीर केले. औषध वर्षानुवर्षे परवान्याच्या वाटेवर होते. एप्रिल १९८५ मध्ये शवांतून येणारे औषध बंद झाले आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये जेनेंटेकच्या प्रोट्रोपिनला मान्यता मिळाली. नैसर्गिक रेणूत १९१ अमिनो आम्ले असतात, यात एक जास्त होते. १९८७ मध्ये एली लिलीचे हुबेहूब १९१ चे ह्युमाट्रोप आले. आता शवागारांकडे पाहायचे कारण उरले नाही. एका अर्थी ही संपूर्ण जीत होती, आणि तीव्र कमतरतेच्या मुलांना त्याचा झालेला फायदा निर्विवाद आहे. पण वर म्हटलेली रेघ आठवा. साठा आटला होता म्हणून ती खाली होती. साठा भरून वाहू लागल्यावर ती वर सरकू लागली. चाचणीत ग्रोथ हार्मोनची पातळी मिलिलीटरला ५ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता मानत, पुढे ७ आणि मग १० पर्यंत पोचले. मुले तीच राहिली आणि त्यांचे संप्रेरकही तेच, फक्त त्यांची गणना बदलली. १९९९ मध्ये जेनेंटेकने मान्यता नसलेल्या वापरांसाठी औषध खपवल्याचा गुन्हा अमेरिकेत कबूल करून ५ कोटी डॉलर भरले. २००३ मध्ये ह्युमाट्रोपला निव्वळ बुटकेपणासाठी मान्यता मिळाली, म्हणजे संप्रेरक ठीक, कारण काही सापडत नाही, पण मूल सरासरीहून २.२५ प्रमाणविचलने खाली आहे. यात सर्वांत बुटकी १.२ टक्के मुले येतात. ही व्याख्या टक्केवारीची असल्यामुळे तिचे रुग्ण कधी संपणारच नाहीत. उद्या सगळे सहा फुटी झाले तरी तळाची एक टक्का मुले असणारच.

यावर म्हणता येईल की बुटक्या मुलाचा त्रास खरा असतो, शाळेत चिडवणे खरे असते, आणि औषध सुरक्षित असताना ते का नाकारावे? त्रास खरा आहे, यात वाद नाही. पण निरोगी बुटक्या मुलाला चार ते सात वर्षे बहुतेक रोज टोचून शेवटी मिळणारी सरासरी वाढ काही सेंटिमीटरांची असते. चिडवणाऱ्यांना औषध देण्याऐवजी चिडवल्या जाणाऱ्याला ते देण्याची पद्धत समाजाने कधी वैद्यकीय म्हणून मान्य केली, हा प्रश्न विचारायलाच हवा. आणि सुरक्षिततेचा दावा करताना १९५८ ते १९८५ चे प्रकरण विसरता येत नाही. त्या औषधाचेही दुष्परिणाम दिसायला दशके लागली होती, आणि तेही तेव्हा सुरक्षितच समजले जात होते. आजचे संप्रेरक शवातून येत नाही, म्हणून तो विशिष्ट धोका नाही. पण गरजेपेक्षा उपलब्धता मोठी झाली की सावधपणा पहिला मागे पडतो, ही प्रवृत्ती कायम आहे.

म्हणून या इतिहासाचा निवाडा मी असा देईन. शवांच्या काळात औषधाच्या कमतरतेने शुद्धतेकडे काणाडोळा केला आणि मुले गमावली. आजच्या काळात औषधाच्या भरपूरपणाने आजाराची सीमा ढकलली आणि निरोगी मुले रुग्ण केली. दोन्ही वेळा मुलाच्या शरीराऐवजी औषधाच्या साठ्याने प्रश्नाचे उत्तर दिले. मुंबई-पुण्यातही आता हे इंजेक्शन मिळते आणि उंचीची चिंता घेऊन पालक डॉक्टरांकडे येतात. त्यांनी ‘मूल किती उंच होईल’ हे विचारण्याआधी ‘गेल्या वर्षभरात वाढीची गती घटली आहे का, आणि घटली असेल तर का’ हे विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर तपासणीतून मिळते. औषध हाताशी आहे, हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.